गावाला एक छोटा कॅमेरा हवा

प्रत्येकाच्या हातात फोन असताना वेगळा कॅमेरा कशाला, असं मला नेहमी विचारलं जातं. माझं उत्तर ठरलेलं आहे. शक्यतो प्रत्येक घरात, आणि प्रत्येक शाळेत व ग्रामपंचायतीत तर नक्कीच, खिशात मावणारा एक साधा डिजिटल कॅमेरा असावा आणि तो नीट चालवणारं एक तरी माणूस असावं. कृषी विभागात नोकरी करताना सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांची शिवारं मी पायी हिंडले. माणमधली डाळिंबं, तासगावच्या द्राक्षबागा, पलूस-वाळव्याचा ऊस, मिरज तालुक्यातली हळद हे माझं कामाचं जग. खांद्याच्या पिशवीत नोंदवही, भिंग आणि छोटा कॅमेरा कायम असे. त्या अनुभवावरून हे लिहिते आहे.

२००२ च्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यातल्या उसावर लोकरी माव्याचा उद्रेक झाला. पानाच्या खालच्या बाजूला पांढरा लोकरीसारखा थर आणि त्याखालच्या पानांवर चढलेली काळी बुरशी. आपल्या शेतकऱ्यांनी ही कीड तोवर पाहिलेलीच नव्हती. तोंडी वर्णन ऐकून कुणी तिला पिठ्या ढेकूण समजे, कुणी भुरी. पानाची खालची बाजू दाखवणारा एक स्वच्छ फोटो समोर ठेवला की वाद मिटे. तेव्हा हाती रोलचे कॅमेरे होते. रोल संपून, धुऊन, छापून येईपर्यंत मावा पुढच्या शिवारात गेलेला असे. पुढे डिजिटल कॅमेरा हाती आला आणि सकाळी बांधावर काढलेला फोटो दुपारी शास्त्रज्ञांपुढे ठेवता येऊ लागला. फोटोमुळे वेळेवर निदान होतं आणि नको ती फवारणी टळते, हे मी तेव्हापासून पाहत आले आहे.

आज फोनने हे काम सोपं केलं, हे खरंच आहे. जपानमधल्या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेचे आकडे पाहिले, तर २०१० मध्ये जगभरात दहा कोटींहून अधिक कॉम्पॅक्ट कॅमेरे बाजारात गेले. २०२३ मध्ये हा आकडा वीस लाखांच्याही खाली आला. बहुतेक घरांतला छोटा कॅमेरा कपाटात गेला तो त्याच काळात. गेल्या काही वर्षांत मात्र तरुण मुलंमुली तेच जुने कॅमेरे शोधून वापरू लागली आहेत, आणि कंपन्याही पुन्हा या वर्गाकडे वळल्या आहेत. ही केवळ हौस आहे असं मला वाटत नाही. फोनमध्ये काढलेला फोटो शुभेच्छा, बिलं आणि अग्रेषित संदेशांच्या गर्दीत हरवतो. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवला की त्याचा आकार आणि बारकावे दोन्ही घटतात. शिवाय फोन स्वतःच्या बुद्धीने रंग गडद करतो, कातडी गुळगुळीत करतो. उसावरचा केवडा म्हणजे लोहाची कमतरता. ती ओळखायची तर कोवळ्या पानाचा पिवळेपणा आणि त्यातल्या हिरव्या शिरा जशाच्या तशा दिसायला हव्यात. तिथे सजवलेला फोटो दिशाभूल करतो.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. कॅमेरा दुसऱ्याच्या हातात निर्धास्त देता येतो. ज्या फोनमध्ये बँकेचं खातं, ओटीपी आणि घरचे निरोप आहेत, तो फोन शिक्षिकेने सातवीच्या मुलांकडे सहलीत कसा द्यावा? शाळेचा कॅमेरा मात्र मुलं आळीपाळीने वापरू शकतात, आणि वापरता वापरता बघायला शिकतात.

आता घेण्याविषयी. दुकानात गेलं की पहिला आकडा सांगतात तो मेगापिक्सलचा. तो बाजूला ठेवा आणि आत सेन्सर केवढा आहे ते विचारा. स्वस्त छोट्या कॅमेऱ्यांत साधारण ६ बाय ४.५ मिलिमीटरचा सेन्सर असतो. ज्याला एक इंची सेन्सर म्हणतात तो प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने चौपट असतो. सेन्सर मोठा तेवढा प्रकाश जास्त, आणि संध्याकाळच्या किंवा घरातल्या फोटोत दाणेदारपणा कमी. २०१२ मध्ये आलेल्या सोनीच्या आरएक्स१०० ने एवढा सेन्सर खिशातल्या कॅमेऱ्यात बसवून दाखवला. पुढे इतरांनीही तो मार्ग धरला. मात्र सगळ्यांनी महागडाच घ्यावा असं मी म्हणणार नाही. काम दिवसाउजेडी शेतातलं असेल तर लहान सेन्सरही पुरतो. सागरेश्वरचे चितळ किंवा मायणीच्या तलावावरचे पक्षी टिपायचे असतील तर लांब ऑप्टिकल झूम महत्त्वाचा. फुलं, किडी, पानांवरचे रोग हा विषय असेल तर जवळून फोकस किती सेंटिमीटरपर्यंत होतो, हे आधी पाहा. मुलांच्या हाती द्यायचा किंवा पावसात न्यायचा असेल तर पाण्यात चालणारे मजबूत कॅमेरे मिळतात; त्यांची लेन्स बाहेर येत नाही, हाच त्यांचा मोठा गुण.

जुना कॅमेरा घेणार असाल तर तो दुकानाच्या उजेडात चालू करून झूम शेवटपर्यंत पुढे-मागे करा आणि कान देऊन ऐका. खरखर, अडखळणं किंवा टकटक ऐकू आली तर सोडून द्या. कॅमेरा बंद करून लेन्सवर तिरपा टॉर्च मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून पडद्यावर मोठा करा. काळे ठिपके एकाच जागी दिसत असतील तर धूळ सेन्सरपर्यंत पोचली आहे. बॅटरी सपाट पृष्ठभागावर ठेवून ती फुगलेली नाही ना, हे बघा. कार्ड कोणतं लागतं तेही विचारा. एसडी कार्ड सर्वत्र मिळतं. काही जुन्या कॅमेऱ्यांना लागणारी एक्सडी कार्डं बनणं केव्हाच बंद झालं. आणि फार जुने कॅमेरे ३२ जीबीपेक्षा मोठं एसडी कार्ड ओळखत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी लहान कार्डच घ्या. नवा कॅमेरा घेताना पक्कं बिल घ्या आणि वॉरंटी भारतातली आहे याची खात्री करा. बिलाविना थोडे पैसे वाचतात, पण दुरुस्तीची वेळ आली की दाद कुणाकडे मागणार?

घरी आणल्यावर पहिला अर्धा तास फोटो न काढता कॅमेऱ्याला द्या. सर्वांत आधी तारीख आणि वेळ अचूक लावा. प्रत्येक फोटोच्या पोटात कॅमेरा ही वेळ लिहून ठेवतो, आणि पुढे त्याच नोंदीवर अनेक गोष्टी अवलंबून असतात. फोटोचा आकार सर्वांत मोठा ठेवा. डिजिटल झूम बंद करा. तो फक्त चित्र कापून ताणतो, नवा तपशील आणत नाही. व्हाइट बॅलन्स शेतात सूर्याच्या चिन्हावर ठेवला की दोन वेगवेगळ्या दिवशी काढलेल्या पानांचे रंग एकमेकांशी ताडून पाहता येतात. फोटोंचे क्रमांक पुढे चालू राहतील असा पर्याय निवडा, म्हणजे एकाच नावाच्या दोन फायली तयार होणार नाहीत. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. आणि मनगटाची दोरी बांधा. कृष्णेच्या घाटावर हातातून निसटलेला कॅमेरा परत मिळत नाही.

फोटो काढताना कॅमेरा दोन्ही हातांनी धरा आणि कोपरं अंगाला टेकवा. बटण आधी अर्धं दाबा, फोकस बसल्याची हिरवी चौकट दिसू द्या, मग श्वास रोखून पूर्ण दाबा. धूसर फोटोंपैकी पुष्कळसे या एका सवयीने सुधारतात. झूम लावलेला असेल तर हाताची थरथर तितकीच मोठी होते, म्हणून झाडाला, खांबाला किंवा कुंपणाच्या डांबाला टेका. फुलाचं चिन्ह म्हणजे जवळचे फोटो. पण तेव्हा झूम अजिबात लावू नका. बहुतेक छोटे कॅमेरे झूम पूर्ण मागे असतानाच सर्वांत जवळ जाऊ शकतात. कॅमेऱ्याची सावली पानावर पडत नाही ना, ते बघा. कास पठारावर वाऱ्याने फुलं सतत डोलतात. तिथे शटरचा वेग सेकंदाच्या २५०व्या भागापेक्षा कमी ठेवू नका आणि वारा थांबेल त्या क्षणाची वाट बघा. ढगाळ आभाळ फुलांच्या फोटोला फार चांगलं, कारण प्रकाश मऊ असतो. पांढरा गेंद किंवा पाण्यातला वायतुरा टिपताना कॅमेरा पांढऱ्या रंगाला फसतो आणि चित्र करडं करतो. अधिक-उणे चिन्हाचं बटण थोडं अधिककडे न्या. काळ्या म्हशीचा फोटो घेताना उलट, थोडं उणेकडे.

भर दुपारी शेतात उभ्या माणसाच्या फेट्याखाली किंवा डोक्यावरच्या पदराखाली चेहरा काळा पडतो. अशा वेळी फ्लॅश मुद्दाम चालू करा. उन्हात फ्लॅश कशाला, असं वाटेल, पण जवळच्या चेहऱ्यावरची सावली तोच उजळतो. याउलट अंधाऱ्या सभागृहात तो बंद ठेवा. छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश जेमतेम तीन मीटरपर्यंत पोचतो. सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात दहाव्या रांगेतून फ्लॅश मारला तर रंगमंच काळाच राहतो आणि पुढच्यांची डोकी उजळतात. मिरजेच्या दर्ग्यात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या स्मृतीत गायन-वादन चालू असताना तर फ्लॅश हा कलाकाराचा सरळ अपमान आहे. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, वाढवा, शांत क्षण निवडा, तेवढं पुरे.

आमच्या कामात फोटोंची एक शिस्त होती आणि ती मी प्रत्येक शेतकऱ्याला सांगते. कोणत्याही गोष्टीचे तीन फोटो काढा. पहिला दुरून, ज्यात संपूर्ण प्लॉट आणि ओळखीची एखादी खूण दिसेल. दुसरा मध्यम अंतरावरून, ज्यात पूर्ण झाड किंवा वेल दिसेल. तिसरा अगदी जवळून, पान, घड किंवा खोडाचा. जवळच्या फोटोत रुपयाचं नाणं किंवा पट्टी ठेवा, म्हणजे डागाचा आकार समजतो. द्राक्षाच्या पानाची वरची आणि खालची, दोन्ही बाजू घ्या. दावण्याचे वरचे तेलकट डाग इतर रोगांसारखे भासू शकतात. खालची पांढरी वाढ पाहिली की शंका राहत नाही. ओळखीतले एक अण्णा मला म्हणाले होते, “मॅडम, औषध सांगायच्या आधी तुम्ही फोटोच मागताय.” मागायलाच हवा. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातल्या किंवा पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांना तुमचं शिवार दिसत नाही. त्यांना दिसतो तो तुम्ही पाठवलेला फोटो. तो धूसर असेल तर सल्लाही अंदाजाचाच मिळतो आणि खर्च औषधाच्या दुकानात होतो.

निगा राखण्याच्या बाबतीत आपले दोन जिल्हे फार कठीण आहेत, कारण इथे एकाच जिल्ह्यात दोन हवामानं नांदतात. महाबळेश्वरला पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि माण तालुक्यात वर्षभरात त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. पश्चिमेला कॅमेऱ्याचा शत्रू दमटपणा, पूर्वेला धूळ. जावळी, पाटण, महाबळेश्वर, शिराळा या भागात पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत महिनोन्‌महिने बंद ठेवू नका. लेन्सवर बुरशी चढते. रबरी कडा असलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. रंग बदलणारं जेल घ्या, म्हणजे ते ओलं झाल्याचं कळतं आणि सौम्य आचेवर वाळवून पुन्हा वापरता येतं. आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून चालवा. वातानुकूलित गाडीतून ठोसेघरला उतरलात की थंड कॅमेऱ्यावर आतबाहेर बाष्प धरतं. म्हणून उतरण्याआधी तो बंद प्लॅस्टिक पिशवीत घाला आणि उतरल्यावर थोडा वेळ पिशवीतच बाहेरच्या हवेच्या उष्णतेला येऊ द्या.

कॅमेरा भिजलाच, तर तो चालू आहे का हे तपासायला बटण दाबू नका. आधी बॅटरी आणि कार्ड काढा, कोरड्या सुती कापडाने बाहेरचं पाणी टिपा आणि झाकणं उघडी ठेवून पंख्याखाली एक-दोन दिवस राहू द्या. तांदळात पुरू नका. तांदळाची पूड आत जाते. चुलीजवळ किंवा कडक उन्हातही ठेवू नका.

यात्राजत्रांचा इशारा मला मुद्दाम द्यायचा आहे. पालच्या खंडोबाचा भंडारा, म्हसवडच्या सिद्धनाथाच्या आणि तासगावच्या गणपतीच्या रथावर उधळला जाणारा गुलाल, हे आपल्या मातीतले सर्वांत सुंदर फोटोंचे प्रसंग आहेत, आणि छोट्या कॅमेऱ्याच्या जिवावर उठणारेही. त्याची लेन्स नळीसारखी बाहेर येते आणि बंद करताना नळीवरची सगळी पूड घेऊनच आत जाते. बारीक कण यंत्रात अडकले की लेन्स जागीच थांबते. दुरुस्तीचा खर्च पुष्कळदा कॅमेऱ्याच्या किमतीएवढा होतो. म्हणून उधळणीच्या वेळी कॅमेरा पारदर्शक पिशवीत घाला, लेन्सपुरतं भोक ठेवून ते रबराने आवळा, किंवा उंच माडीवरून झूम लावून फोटो घ्या. नळीवर पूड पडलीच तर बंद करण्याआधी मऊ ब्रश आणि रबरी फुंकणीने झाडा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे थेंब उडतात. आणि पदराने, ओढणीने किंवा शर्टाच्या टोकाने लेन्स कधीही पुसू नका. कापडातला एखादा वाळूचा कण काचेवर कायमचा ओरखडा ओढतो. आधी फुंकणी, मग ब्रश, आणि सगळ्यात शेवटी लेन्सचं खास कापड.

विसर्जन मिरवणुकांतल्या लेझर झोताबद्दलही बोलायला हवं. हे झोत डोळ्यांना इजा करतात आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरलाही जाळतात. झोत थेट लेन्समध्ये घुसला की प्रत्येक फोटोवर कायमची रंगीत रेघ उमटू शकते. मिरजेच्या स्वागतकमानी बघायला जाल तेव्हा लेझर चालू असताना लेन्स त्या दिशेला वळवू नका. या झोतांवर बंदी घातली जाते, ती कडकपणे पाळलीही जावी, असं माझं स्पष्ट मत आहे. कॅमेरा नवा घेता येतो, डोळा नाही.

बॅटरी पूर्ण संपेपर्यंत वापरू नये आणि बरेच दिवस ठेवून द्यायची असेल तर अर्धी भारलेली ठेवावी. उन्हाळ्यात गाडीच्या काचेजवळ कॅमेरा सोडू नये. सहलीला जाताना भरलेली दुसरी बॅटरी आणि दुसरं कार्ड सोबत असावं. फोटो चुकून पुसले गेले तर ते कार्ड तिथेच थांबवा. त्यावर नवा फोटो काढला नाही, तर योग्य सॉफ्टवेअरने पुसलेले फोटो पुष्कळदा परत मिळतात.

काढलेल्या फोटोंचं पुढे काय करायचं, याकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात. कार्ड हे साठवणुकीचं ठिकाण नाही. घरी आलात की त्याच दिवशी फोटो संगणकावर उतरवा आणि फोल्डरला वर्ष, महिना, दिवस, गाव आणि विषय या क्रमाने नाव द्या: ‘२०२५-०८-१५ भिलवडी घाट’. तीन प्रती असाव्यात, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. कृष्णाकाठच्या माणसांना या ‘दुसऱ्या ठिकाणा’चं महत्त्व वेगळं सांगायला नको. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण भोगले. सांगलीत १९२९ मध्ये बांधलेल्या आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांना धोका पातळी आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. अशा पुरात संगणक आणि हार्ड डिस्क एकाच खोलीत असतील तर दोन्ही एकदमच जातात. म्हणून एक प्रत पूररेषेबाहेरच्या नातेवाइकांकडे, विट्याच्या मामाकडे किंवा पुण्याच्या बहिणीकडे ठेवा, नाहीतर इंटरनेटवरच्या साठवणुकीत. आणि वर्षातले निवडक फोटो कागदावर छापून घ्या. आजीला पडद्यावर बोट फिरवण्यापेक्षा अल्बम मांडीवर घेणं सोपं जातं.

पुराच्याच निमित्ताने तारखेचा मुद्दा पुन्हा सांगते. नुकसानीचा पंचनामा होतो तेव्हा घराचा आणि शेताचा आधीचा आणि नंतरचा, योग्य तारखेचा फोटो हा मोठा आधार असतो. पुराच्या पाण्याची खूण टिपताना सोबत न हलणारी वस्तू घ्या: विजेचा खांब, देवळाची पायरी, दाराची चौकट. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा, तिच्यावर रंगकाम करू नका. काम करायचं ते प्रतीवर. प्रकरण न्यायालयात गेलं तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. तेव्हा फोटो कोणत्या साधनातून आला, हे सांगता आलं पाहिजे. दहा जणांच्या फोनमधून फिरून आलेल्या फोटोबद्दल ते सांगणं अवघड जातं.

कॅमेरा हातात असला की काही जबाबदारीही येते. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं, त्यात कास पठार आहे. तिथली सीतेची आसवं सेंटिमीटरभर आकाराच्या फुलांची, कीटकभक्षी. दवबिंदू नावाची वनस्पती तर पायाखाली आली तरी कळत नाही. फुलांच्या गालिच्यात बसून स्वतःचा फोटो काढणारा माणूस पुढच्या हंगामाचं बी चिरडतो. छोट्या कॅमेऱ्याचा झूम असताना वाट सोडण्याची गरजच काय? पाखरांच्या घरट्यासमोरची फांदी बाजूला करून फोटो घेऊ नका. उघडं पडलेलं घरटं शिकारी पक्ष्यांना दिसतं. माणसांच्या बाबतीत आधी विचारा. भांगलणाऱ्या बायकांचा फोटो त्यांना न विचारता काढणं आणि तो गावभर पाठवणं याला मी असभ्यपणाच म्हणते. विचारलं की बहुतेक जणी हसून “काढा की” म्हणतात. मग छापलेली एक प्रत त्यांना नेऊन द्या.

धों. म. मोहिते यांनी उजाड डोंगरावर सागरेश्वरचं रान उभं केलं. अशा कामाचं मोल पुढच्या पिढीला कळायचं असेल तर आधी काय होतं आणि नंतर काय झालं, याचं चित्र हवं. माणमधल्या किती गावांनी श्रमदानातून बांध घातले, तळी खोदली! त्यातल्या बहुतेक कामांचे फोटो कुणाच्या तरी जुन्या फोनमध्ये होते आणि फोनबरोबर गेले. हे नुकसान टाळता येण्यासारखं आहे.

माझं आवाहन साधं आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार दिवशी बऱ्याच गावांत ग्रामसभा होते. त्या दिवशी गावातल्या ठरलेल्या पाच जागांचे फोटो घ्या: नदी किंवा ओढा, सार्वजनिक विहीर, शाळा, मुख्य चौक आणि एक जुनं झाड. दरवेळी त्याच जागेवर उभं राहून, त्याच दिशेला तोंड करून, झूम न लावता. कॅमेरा ग्रामपंचायतीने घ्यावा, चालवायला शाळेतली मुलंमुली पुढे यावीत आणि फोटोंची एक प्रत तालुक्याच्या वाचनालयात ठेवावी. दहा वर्षांत प्रत्येक गावाकडे दोनशे फोटोंची नोंद तयार होईल. पाणी किती चढलं, विहीर कधी आटली, झाड कुणी तोडलं, हे कुणाला विचारावं लागणार नाही. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा.